आधी ताशा विरतो

भूकंपाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रश्न एकच. पुढचा मोठा कधी? लग्नात भेटलेले नातेवाईक असोत, शेजारचे काका असोत नाहीतर ऑफिसातली मंडळी, मी भूभौतिकीत एम.एस्सी. केलंय हे कळायचा अवकाश, की हा प्रश्न आलाच. जणू काही माझ्या खिशात एसटीचं वेळापत्रक आहे आणि मी ते उगाच दडवून ठेवलंय! खरं उत्तर एका वाक्याचं आहे. कुणालाच सांगता येत नाही. जगात कुठेही, कुठल्याही यंत्राने, अजून तरी नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग पुढचा प्रश्न येतो, "मग एवढं शिकून तुम्ही लोक करता तरी काय?"

आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मनात आहे. कारण पहिला प्रश्न फारसा कामाचा नाही असं माझं आता ठाम मत झालंय. भूकंप कधी सुरू होईल हे सांगता येत नाही, पण तो विरतो कसा हे बऱ्यापैकी सांगता येतं. काळात कसा विरतो आणि अंतरात कसा विरतो, दोन्ही. घर बांधणाऱ्या आणि त्या घरात झोपणाऱ्या माणसाला उपयोगी पडणारं ज्ञान आज आपल्याकडे आहे ते हेच. दुर्दैवाने त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही.

आधी काळाचं बघू.

१८९१ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या नोबी भागात फार मोठा भूकंप झाला. त्यानंतर महिनोन् महिने जमीन हलत राहिली. फुसाकिची ओमोरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एक साधं काम केलं. धक्के मोजले. आज किती, उद्या किती, महिन्याने किती. १८९४ साली त्याने मांडलेला नियम आजही वापरतात. धक्क्यांची संख्या साधारणपणे उलटलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणजे पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले असतील तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास आणि शंभराव्या दिवशी एखादा. सुरुवातीला उतार भराभर, मग तो लांबतच जातो. नोबीच्या धक्क्यांची नोंद पुढे शंभर वर्षं बघितली तरी ती याच वळणाने जाताना दिसली. पुढे १९६१ साली उत्सू यांनी या सूत्रात थोडी दुरुस्ती केली, पण गाभा तोच राहिला.

दुसरी गोष्ट आकाराची. ढोबळमानाने ४ तीव्रतेचा एक धक्का असेल तर ३ चे दहा आणि २ चे शंभर असतात. आणि सगळ्यात मोठा आफ्टरशॉक मुख्य भूकंपापेक्षा सरासरी सव्वा अंकाने लहान असतो. म्हणजे ६.२ चा भूकंप झाला तर ५ च्या आसपासचा एक धक्का पुढे येईल असं धरूनच चालायला हवं.

आता इथे एक मेख आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काळाबरोबर कमी होते ती धक्क्यांची संख्या. त्यांचा आकार कमी होत जातोच असं नाही! महिन्याभराने धक्के विरळ झालेले असतात, पण येणारा प्रत्येक धक्का लहानच असेल याची हमी नसते. न्यूझीलंडमध्ये ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला. ख्राइस्टचर्च शहर त्यातून जवळजवळ सहीसलामत सुटलं. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला, त्याच मालिकेतला ६.२ चा धक्का आला. आकाराने लहान, पण थेट शहराला खेटून आणि उथळ. १८५ माणसं गेली. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपानंतर १२ मे ला ७.३ चा धक्का आला आणि आणखी दोनशेच्या वर बळी घेऊन गेला. कागदोपत्री दोन्ही "आफ्टरशॉक"च.

जपानने तर या शब्दाचा धसकाच घेतला. २०१६ च्या एप्रिलमध्ये कुमामोतोला आधी एक मोठा धक्का आला. लोकांनी तो मुख्य समजला, काही जण घरी परतले, आणि सुमारे २८ तासांनी त्याहून मोठा आला. त्यानंतर तिथल्या हवामान खात्याने अशा इशाऱ्यांमध्ये "आफ्टरशॉक" हा शब्द वापरायचं टाळलं. कारण त्या शब्दातच "आता जे येईल ते छोटंच" असं आश्वासन दडलेलं असतं. आपल्याकडच्या बातम्यांतला "सौम्य धक्का" हा शब्द याच माळेतला. सौम्य कुणासाठी? यंत्रासाठी की भिंतीसाठी?

असो. आता अंतराचं. हा माझा खास आवडीचा भाग, कारण एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी दीड वर्ष याच गोष्टीशी झटापट केली आहे.

गणपतीची मिरवणूक आठवा. पथक तुमच्या समोर असतं तेव्हा ढोल आणि ताशा दोन्ही कानात घुमतात. पथक दोन चौक पुढे गेलं की ताशाची तडतड आधी विरते. आणखी लांब गेल्यावर फक्त ढोलाचा ठोका पोटात जाणवत राहतो. जमिनीखालूनही साधारण हेच घडतं. केंद्राजवळच्या माणसाला भूकंप खडखडाटासारखा जाणवतो. भांडी वाजतात, कौलं थरथरतात. दोनशे किलोमीटरवर तोच भूकंप संथ झोक्यासारखा येतो. पंखा हलतो, बाराव्या मजल्यावरच्या माणसाला गरगरल्यासारखं होतं आणि तळमजल्यावरच्याला कदाचित काहीच कळत नाही.

हे का होतं? लाटा तीन कारणांनी कमजोर होतात. पहिलं म्हणजे त्या पसरतात. तीच शक्ती मोठ्या मोठ्या गोलावर वाटली जाते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. दुसरं, खडकातले कण एकमेकांवर घासतात आणि लाटेची थोडी शक्ती दर हेलकाव्याला उष्णता होऊन जाते. तिसरं, भेगा, फटी आणि थरांवर आपटून लाटा इकडेतिकडे विखुरतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाचा मिळून हिशेब ठेवायला एक आकडा वापरतात, त्याला क्यू म्हणतात. क्यू जास्त म्हणजे खडक चांगला वाहक, कमी म्हणजे लाट लवकर गिळणारा. क्यू १०० असेल तर दर हेलकाव्याला लाटेची सुमारे ६ टक्के शक्ती जाते. १००० असेल तर जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. आता थोडं गणित करू, घाबरू नका. जमिनीत सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाने जाणारी लाट ३५ किलोमीटरला १० सेकंद घेते. सेकंदाला दहा हेलकावे घेणारी लाट तेवढ्यात १०० हेलकावे घेते, एक घेणारी फक्त १०. दोन्हींसाठी क्यू १०० च धरला तर पहिलीची शक्ती या गळतीमुळे पाचशेव्या हिश्श्यावर येते आणि दुसरीची निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक राहते. ताशा आधी का विरतो, त्याचं हे उत्तर.

हा क्यू मोजायचा कसा? इथे ते छोटे छोटे धक्के कामाला येतात. भूकंपलेखात आधी पी लाट येते, मग एस, आणि त्यानंतर एक लांबलचक शेपूट असतं. विखुरलेल्या लाटा चहूकडून परत येत राहतात, त्यांचं ते शेपूट. शास्त्रज्ञ त्याला कोडा म्हणतात. १९६९ साली केइती आकी यांनी दाखवून दिलं की या शेपटाकडे दुर्लक्ष करण्यात शहाणपण नाही. भूकंप नेमका कुठे झाला आणि यंत्र नेमकं कुठे आहे यावर ते शेपूट विरण्याचा वेग फारसा अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो त्या मुलखातल्या खडकावर. म्हणजे शेपूट बघून खडकाची नाडी परीक्षा करता येते!

माझं काम हेच होतं. कोयना भागातल्या नोंदी संगणकावर उघडायच्या, पी आणि एस कुठे सुरू होतात तिथे खुणा करायच्या, दोन्हींमधल्या सेकंदांना आठाने गुणून किलोमीटरचा अंदाज घ्यायचा, आणि मग शेपूट वेगवेगळ्या कंपनसंख्यांना किती भराभर विरतंय ते काढायचं. शेकडो नोंदी. माणसांना जाणवलेही नसतील असे धक्के. आई विचारायची, "रोज काय करतोस रे?" मी म्हणायचो, "न जाणवलेले भूकंप मोजतो." तिला ते देवळातल्या घंटा मोजण्यासारखं निरुपयोगी वाटायचं. पण मोठ्या भूकंपाच्या हादऱ्याचा नकाशा काढायचा असेल तर तो या लहान धक्क्यांतूनच काढावा लागतो. मोठे भूकंप क्वचित होतात, त्यांची वाट बघत बसता येत नाही. लहान धक्के म्हणजे निसर्गाने फुकट घेतलेली चाचणी परीक्षा. पेपर तपासायचे की रद्दीत टाकायचे, एवढंच आपल्या हातात आहे.

कोयनेची गोष्ट तर जगावेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ चा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाच्या भिंतीला तडे गेले (ती नंतर मजबूत केली गेली). ओमोरीच्या नियमाने तिथले धक्के आतापर्यंत नावापुरतेच उरायला हवे होते. पण तसं झालं नाही. ५ किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक धक्के त्या भागात १९६७ पासून बसलेत. कारण तिथे नुसते आफ्टरशॉक नाहीत. जलाशय दरवर्षी पावसाळ्यात भरतो, मग उतरतो. पाण्याचं वजन आणि खडकाच्या भेगांत वाढणारा पाण्याचा दाब त्या जुन्या भेगांना पुन्हा पुन्हा डिवचत राहतो. १९८५ पासून वारणेचं धरण भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडेही सरकली. म्हणून तर गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विहीर खणून खडकाची तपासणी झाली. वर सुमारे एक किलोमीटर जाडीचा काळा पाषाण, आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. हे धक्के त्या खालच्या खडकात होतात.

"छोटे धक्के येतायत ते बरंच, शक्ती निघून जातेय," हे वाक्य पाटण-चिपळूणकडे तुम्ही नक्की ऐकलं असेल. दिलासा देणारं आहे, पण हिशेबात बसत नाही. तीव्रता एक अंकाने वाढली की शक्ती सुमारे ३२ पट होते, दोन अंकांनी हजारपट. ६ च्या भूकंपाची शक्ती ४ च्या धक्क्यांनी फेडायची तर असे हजार धक्के लागतील. एवढे कोण मोजणार? इटलीत लाक्विला शहरात २००९ साली धक्क्यांची मालिका चालू असताना एका अधिकाऱ्याने टीव्हीवर असाच दिलासा दिला होता. ६ एप्रिल २००९ ला ६.३ चा भूकंप झाला, तीनशेहून अधिक माणसं गेली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांच्यावर खटला चालला. २०१२ साली सगळ्यांना शिक्षा झाली, २०१४ साली शास्त्रज्ञ सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भूकंप ओळखता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण खोटा दिलासा हा निरुपद्रवी नसतो, हा त्यातला धडा मात्र खराच.

आता या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध? थेट आहे.

आपल्या पठाराचा खडक जुना, थंड आणि कठीण. अशा खडकातून लाटा लांबवर जातात. अमेरिकेत हेच दिसलं. २३ ऑगस्ट २०११ ला पूर्वेकडच्या व्हर्जिनियात ५.८ चा भूकंप झाला. सव्वाशेहून अधिक किलोमीटरवरच्या वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाला तडे गेले आणि दूरदूरच्या राज्यांत लोक रस्त्यावर आले. कॅलिफोर्नियात एवढाच भूकंप इतक्या लांब पोचत नाही, कारण तिथली जमीन मोडकीतोडकी आणि लाटा गिळणारी. १९६७ ला कोयनेच्या धक्क्याने मुंबई-पुण्यातले लोक जागे झाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिवाय लाट आली तरी ती कुठे उभी राहते हे महत्त्वाचं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. साबरमतीच्या जाड गाळाने हादरे वाढवले आणि खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेल्या इमारतींनी उरलेलं काम केलं. म्हणजे दूर आहोत म्हणून सुरक्षित, हे समीकरण अपुरं आहे. किती दूर, मधला खडक कसला, पायाखाली काय आणि डोक्यावर काय, हे चारही प्रश्न विचारायला हवेत.

डोक्यावर काय, यावर किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. ६.२ चा, उथळ भूकंप. हजारो माणसं गेली, आकडे आठ ते दहा हजारांच्या घरात आहेत. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, तिथे छोटे धक्के बसून गेले होते. पण माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरच्या मातीच्या जड माळवदाखाली. दगड आतून बाहेरून वेगवेगळे रचलेले, मधे चिखल आणि खडी. हादरा बसला की भिंतीचे दोन पदर सुटतात आणि वरचं सगळं वजन खाली येतं.

हे मी का लिहितोय ते आमच्या घरातल्या मंडळींना कळलं असेलच. पाटण तालुक्यातल्या आजोळच्या घरावर या उन्हाळ्यात स्लॅब टाकायचं घाटतंय. पत्रे गळतात, माकडं नाचतात, सगळं मान्य. पण मामा, त्या भिंती तुमच्या आजोबांच्या हातच्या आहेत, दगड-मातीच्या. १९६७ साली मागची भिंत फुगली ती आजपर्यंत तशीच आहे, आणि कोपऱ्यातली भेग दर मोठ्या धक्क्याला थोडी रुंदावते हे तुम्हीच मला दाखवलंत. त्या भिंतींवर काही टन काँक्रीट ठेवणं म्हणजे किल्लारीचं माळवद नव्या सिमेंटने बांधणं. स्लॅब टाकायचाच तर खाली खांब-तुळयांचा स्वतंत्र सांगाडा उभा करा, आणि तो इंजिनिअरकडून काढून घ्या, गवंड्याच्या अंदाजाने नको. ते जमत नसेल तर हलकं छप्परच नीट करा. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवून घ्या आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना मिळून एक सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. खर्च येईल, पण स्लॅबपेक्षा कमी. आणि ती भेग वर्षातून दोनदा मोजून दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. ओमोरीनेही सुरुवात मोजण्यानेच केली होती.

राहिला प्रश्न सरकारी आणि बातम्यांच्या भाषेचा. पालघरमध्ये डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, लोक थंडीत उघड्यावर झोपले. हिंगोलीकडे २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. दर वेळी बातमी एकाच साच्याची. रिश्टर स्केलवर इतके, केंद्र अमुक ठिकाणी, जीवितहानी नाही, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेत मोठ्या भूकंपानंतर लोकांना सरळ अंदाज सांगतात. पुढच्या आठवड्यात ५ च्या वरचे धक्के साधारण इतके, याहून मोठा यायची शक्यता शंभरात इतकी. ही भविष्यवाणी नव्हे. पावसाच्या अंदाजासारखा तो शक्यतेचा हिशेब आहे. आपल्याकडे असा हिशेब साध्या मराठीत, तालुक्याच्या फलकावर लावलेला मी अजून पाहिलेला नाही.

"लोक घाबरतील" असं यावर म्हणतात. मला उलट वाटतं. धक्के जाणवत असताना "काही नाही" असं सांगितलं की माणूस जास्त घाबरतो, कारण मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तारखांवर विश्वास ठेवतो. पेरणी करायची की थांबायचं हे शक्यतेवर ठरवणाऱ्या शेतकऱ्याला शंभरात पाच म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो पाचासाठी घर सोडून पळणार नाही, पण तडा गेलेल्या भिंतीलगत पाळणाही बांधणार नाही. एवढं झालं तरी पुष्कळ.

लेख फारच लांबला. तुमच्याकडे, म्हणजे कोयना, लातूर, पालघर, हिंगोली, कुठेही, घराला धक्क्यांनी गेलेले तडे असतील आणि त्यावर तुम्ही काही उपाय केला असेल तर जरूर लिहा. काय केलं, किती खर्च आला, गवंडी काय म्हणाला. मामा, तुमचा फोन मात्र मी स्लॅबचा ठेका द्यायच्या आधीच अपेक्षित धरतोय.